डावा खालचा कोपरा अखेर सुटला: कायोटी गल्च, १६ मिमी

अमेरिकेतल्या युटाच्या कायोटी गल्च या दरीत १६ मिमीला काढलेल्या फोटोंचा डावा खालचा कोपरा दर वेळी सॉफ्ट येत होता. मागच्या तीन नोंदींत ज्या कोपऱ्याने छळलं, त्याचं कारण सापडलं. लेन्स डिसेंटर्ड (आतली काच मध्यावरून सरकलेली) नाही. सर्व्हिसला पाठवायचा बेत रद्द.

मांडणी तीच, जेकब हॅम्ब्लिन आर्च या नैसर्गिक कमानीजवळची. ट्रायपॉड ४० सेंटिमीटरवर, आडवी फ्रेम, कॅमेरा १५ अंश खाली झुकलेला, ४५ मेगापिक्सेल, एफ/११. समोर ओल्या वाळूच्या लहरी, उजव्या कोपऱ्यात ओढा, मागे नवाहो सँडस्टोनची कोरली गेलेली प्रचंड कपार. दोन फ्रेमचा स्टॅक, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांना फोकस केलेल्या दोन फ्रेम जोडून एक फोटो. मधला भाग सुरेख, मागचा कडा सुरेख, आणि डाव्या कोपऱ्यातल्या लहरी दर वेळी लोण्यासारख्या सॉफ्ट.

आधी गणित, कारण चूक तिथेच लपली होती. जुने तक्ते सर्कल ऑफ कन्फ्युजन (सेन्सरवर बिंदू किती पसरला तरी शार्प मानायचा, ती मर्यादा) ०.०३ मिमी धरतात. या सेन्सरचा पिक्सेल सुमारे ४.४ मायक्रॉनचा, म्हणजे ती सवलत जवळजवळ सात पिक्सेलची झाली. मोठ्या प्रिंटला हे चालत नाही. ०.०१५ धरलं की १६ मिमी, एफ/११ ला हायपरफोकल (जिथे फोकस केलं की त्याच्या निम्म्यापासून अनंतापर्यंत शार्प येतं ते अंतर) १.५७ मीटर येतं. पहिली फ्रेम तिथे: ७८ सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत शार्प. दुसरी त्याच्या एक तृतीयांशावर, ५२ सेंटिमीटरला: ३९ ते ७८. लागलीच तर तिसरी एक पंचमांशावर, ३१ ला: २६ ते ३९. एक, तीन, पाच हा भागाकार पाठ करून ठेवावा, कपारीत फोन काढायची गरज राहत नाही. फक्त हे अंतर लेन्सपासूनचं आहे आणि फोकसची पट्टी सेन्सरपासून मोजते. वाइड झूमला हा फरक दहा सेंटिमीटरच्या आसपास असतो. अनंताला तो नगण्य, ३१ सेंटिमीटरला सगळं बिघडवणारा. म्हणून जवळच्या फ्रेमला पट्टी नको, लाइव्ह व्ह्यू मोठा करूनच.

आता झुकाव धरून ४० सेंटिमीटर उंचीवरून फ्रेमच्या तळाची वाळू ४१ सेंटिमीटरवर येते. दोन फ्रेमची हद्द ३९. कागदावर दोन सेंटिमीटर शिल्लक. तेवढ्यावर विसंबणं हीच चूक होती.

लेन्सचं फोकस सपाट पृष्ठभागावर नसतं. ते तपासायला सपाट खडीवर कॅमेरा लेव्हल ठेवून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, मध्यावर दीड मीटरला फोकस करून एक फोटो काढला आणि त्यावर फाइंड एजेस, म्हणजे फोटोतल्या कडा उठवणारा, फिल्टर चालवला. शार्प खडीचा पट्टा लख्ख उमटतो. डिसेंटर्ड लेन्सचा पट्टा तिरका दिसतो: एक टोक जवळ, दुसरं लांब. इथे दोन्ही टोकं सारखीच मागे वळलेली होती, उलट्या धनुष्यासारखी. म्हणजे कोपऱ्यांत फोकस मध्यापेक्षा मागे पडतं, आणि ते शिल्लक दोन सेंटिमीटर तिथेच खर्च होतात.

मग उजवा कोपरा का बरा? तो बरा नव्हताच. तिथे ओढा वाहतो, शटर अर्ध्या सेकंदाचं, पाणी तसंही रेशमासारखं पसरलेलं. सॉफ्टनेस पाण्यात लपला आणि संशय डाव्या बाजूच्या काचेवर गेला. या एका उलगड्याने अनेक आठवड्यांचा गुंता सुटला, आनंद मनापासून आहे.

एफ/१६ हा उपाय नाही, प्रयोग झाला. तिथे डिफ्रॅक्शनची चकती (बारीक अ‍ॅपर्चरमधून जाताना प्रकाश पसरून बिंदूची होते ती) साधारण २१ मायक्रॉन होते, आपण मागतोय १५. कोपरा किंचित सुधारतो आणि पूर्ण फ्रेम सॉफ्ट पडते, डेझर्ट व्हार्निशच्या (खडकावर चढलेल्या गडद लेपाच्या) काळ्या रेघांचा पोत सगळ्यात आधी जातो. तिसरी फ्रेम ३१ सेंटिमीटरला घेतली की कोपरा शार्प येतो, पण इतक्या जवळ फोकस ब्रीदिंग (फोकस बदलला की चित्राचा आकार बदलणं) वाढतं आणि वाळूची कड ओढ्याला भिडते तिथे स्टॅकमध्ये हॅलो, म्हणजे कडेभोवतीचं धूसर वलय, उमटतो. हाताने मास्क करावा लागतो.

हे लिहिता लिहिता सोपी वाट दिसली: उंचीच वाढवावी. ६० सेंटिमीटरवर तोच झुकाव ठेवला तर तळाची वाळू ६१ सेंटिमीटरवर जाते आणि दोन फ्रेममध्ये २२ सेंटिमीटरची मोकळीक मिळते. फोकसची वक्रता त्यात सहज मावेल. लहरींचा भव्यपणा थोडा उतरेल, तो सकाळच्या तिरक्या प्रकाशाने भरून काढता येईल. त्यामुळे तीन फ्रेमचा बेत बाजूला, पुढच्या खेपेला आधी ही उंची. ओढा एकाच फ्रेममधून घ्यायचा, दुसऱ्या फ्रेममधलं पाणी मास्क करून टाकायचं.

बाकी थोडक्यात. ओल्या वाळूत ट्रायपॉड दोन फ्रेमच्या मध्ये खचत होता. पाय थांबेपर्यंत दाबून, मिनिटभर थांबून मगच पहिली फ्रेम. सगळ्यात खालचा, बारीक सेक्शन आधी उघडावा, म्हणजे लॉक वाळूच्या वर राहतं. ट्विस्ट लॉकमध्ये कण गेला की कर्र आवाज येतो, तेव्हा फिरवत बसू नये, खोलून धुवावं. फिल्टरची रिंग पितळेचीच घ्यावी, अ‍ॅल्युमिनियमची वाळूत अडकून बसते.

पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) पूर्ण काढून ठेवला. १६ मिमीला आडवा कोन ९७ अंशांचा, आकाशात गडद डाग पडतोच, शिवाय ओल्या खडकावरची नारिंगी चमक पुसली जाते. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्व्हिनला बांधलेला. ऑटोवर ठेवला तर समोरच्या उन्हातल्या कड्यावरून परतून आलेला तो रंग कॅमेरा दोष समजून धुऊन काढतो.

जुलै ते सप्टेंबर पावसाळी ढग लांबवर फुटले तरी गल्चला पूर येऊ शकतो आणि तिथे जाणारा कच्चा होल-इन-द-रॉक रोड ओला झाला की गाडी अडकते. ६० सेंटिमीटरची चाचणी ऑक्टोबरात.