भारताचा मध्य आम्ही मोजून काढला

मी नागपूरला भूगोल शिकवतो. भारताचा मध्य कुठे, असं इथे कुणालाही विचारा, उत्तर एकच: शहरातला झिरो माइलचा दगडी खांब. नववीतल्या एका मुलीने मात्र विचारलं, "सर, हे मोजलं कोणी?" प्रश्न इतका आवडला की वर्गालाच मोजायला बसवलं.

आधी झिरो माइलला जाऊन आलो. तिथला छोटा दगड १९०७ सालचा, सर्वेक्षणाचं मानक तलचिन्ह, म्हणजे उंची मोजण्यासाठीची ठरावीक खूण. समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट. खांबाच्या चौथऱ्यावर हैदराबाद, चांदा, जबलपूर अशी गावांची अंतरं कोरलेली. मध्याचा दावा कुठेच नाही. उंची इतकी काटेकोर मोजून ठेवणं हेच मला फार मोठं काम वाटतं.

मग भारताची चार टोकं सांगणारे पुस्तकातले अक्षांश-रेखांश घेतले. ८°४′ ते ३७°६′ उत्तर, ६८°७′ ते ९७°२५′ पूर्व. सरासरी आली २२°३५′ उत्तर, ८२°४६′ पूर्व, म्हणजे छत्तीसगडचा कोरबा जिल्हा. पण या रीतीत फक्त टोकं मोजली जातात. अरुणाचल पूर्वेला लांबवर जातो, तिकडे जमीन मात्र थोडी. त्या एका टोकापायी बिंदू तीनशे किलोमीटरहून जास्त सरकतो.

नुसती टोकं न धरता सगळ्या जमिनीला वजन द्यायचं, म्हणजे नकाशा जिथे तोलून राहतो तो बिंदू शोधायचा, तर पुठ्ठा हवा. मोठा नकाशा जाड पुठ्ठ्यावर चिकटवून सीमेवरून कापला. सिलिगुडीजवळची पट्टी इतकी चिंचोळी की तिथे कात्री मीच धरली. काश्मीरच्या टोकाला टाचणी टोचून पुठ्ठा मोकळा लोंबू दिला, त्याच टाचणीला ओळंबा बांधला आणि दोऱ्यालगत रेघ मारली. मग कच्छ, मग आसाम. पुठ्ठा पुरता थांबेपर्यंत हात लावायचा नाही, हे मुलांना सगळ्यात जड गेलं. रेघा जिथे मिळाल्या तिथे पेन्सिलीच्या टोकावर पुठ्ठा आडवा ठेवला. राहिला! जबलपूरच्या आसपास.

पडताळ्यासाठी क्यूजीआयएस या संगणकावरच्या नकाशा-प्रणालीत सीमा घेऊन गुरुत्वमध्य, म्हणजे तोच तोलाचा बिंदू, काढला. गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची रीत म्हणजे प्रक्षेपण; इथे ते समक्षेत्रच, म्हणजे क्षेत्रफळ जसंच्या तसं राखणारं, घ्यावं. मर्केटर प्रक्षेपणात उत्तरेकडची जमीन फुगते आणि बिंदू वर चढतो. बिंदू पुन्हा महाकोशलातच, म्हणजे जबलपूरच्या भागातच आला, नागपूरच्या उत्तरेला दोनशेहून जास्त किलोमीटर. कटनी जिल्ह्यातलं करौंदी, जिथे भारताच्या मध्याचं स्मारक आहे, ते आमच्या बिंदूच्या पूर्वेला.

खरी परीक्षा सीमेची. इंटरनेटवरच्या काही फायलींत पाकव्याप्त काश्मीर आणि अक्साई चीन वगळलेले असतात. तेवढ्याने बिंदू पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला घसरतो, म्हणून फाइल आधी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ताडून पाहावी. अंदमान-निकोबार पुठ्ठ्यावर लटकवता येत नाहीत, संगणकावर येतात. ती बेटं धरली तर बिंदू आग्नेयेला जेमतेम चार-पाच किलोमीटर हलतो. मुलांना वाटलं होतं त्याहून कितीतरी कमी.

वर्गाच्या फळ्यावर आता बिंदूशेजारी सीमा कोणती घेतली, बेटं धरली की नाही, हेही लिहिलंय. सध्या मुलं महाराष्ट्राचा पुठ्ठा कापताहेत. सिंधुदुर्ग आणि गडचिरोली या दोन टोकांपैकी कोण जास्त ओढतं, यावर वर्गात जोरात वाद चालू आहे.