एल ३९० जुळवताना

जुनी गाडी रंगवायला काढणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते, पत्रा घासायला देण्याआधी मूळ रंगाचा एक तुकडा राखून ठेवा. सगळी बॉडी एकदा उघड्या पत्र्यापर्यंत गेली की हातात फक्त कंपनीने त्या रंगाला दिलेला कोड उरतो, आणि नुसत्या कोडवर रंग जुळेलच याची खात्री नाही.

माझ्या १९६२ च्या बीटलचा कोड आहे एल ३९०, म्हणजे गल्फ ब्लू. फोक्सवॅगनचे त्या काळातले रंग असेच 'एल' आणि आकड्यांनी ओळखले जातात. एल ८७ म्हणजे पर्ल व्हाइट, एल ४५६ म्हणजे रुबी रेड. कोड देऊन पहिला नमुना मिसळून घेतला तो सुंदरच होता, फक्त माझ्या गाडीचा वाटत नव्हता. डॅशबोर्डमागे, पुढच्या डिकीतल्या पुठ्ठ्याआड जो पत्रा उन्हापासून वाचला होता, त्याच्याशेजारी हा नमुना थंड आणि जास्त निळा दिसायचा.

यात मिसळणाऱ्याचा दोष नाही. जुन्या कोडचा आजचा फॉर्म्युला आजच्या रंगद्रव्यांतून नव्याने बांधलेला असतो. तेव्हाची काही रंगद्रव्यं आता वापरातच नाहीत. शिशाच्या क्रोमेटपासून बनणारे पिवळे आणि नारिंगी तर त्यांच्या विषारीपणामुळे बहुतेक ठिकाणी मागे पडले. शिवाय कारखान्यातसुद्धा एका बॅचची छटा दुसरीपेक्षा किंचित सरकायची. म्हणजे एकाच कोडच्या, एकाच वर्षीच्या दोन गाड्या अगदी नव्या असतानाही तंतोतंत सारख्या असतीलच असं नाही.

मग पुठ्ठ्याआडचा रंग तरी खरा धरायचा का? माझ्या मते सगळ्या कामातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि त्याच्याकडेच सर्रास दुर्लक्ष होतं. उन्हातला रंग विटतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण तेव्हा कारखान्यात मारला जाणारा अल्किड इनॅमल हा रंग अंधारात पिवळा पडतो. त्यातलं रेझिन, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणारा चिकट भाग, तेलापासून बनलेलं असतं आणि उजेड मिळाला नाही की ते पिवळट होत जातं. पांढऱ्या गाड्यांवर हे लगेच कळतं. फिकट निळ्यावर मात्र फसगत होते, कारण निळ्यावर पिवळा चढला की तो हिरवट वाटतो आणि आपण ती मूळ छटाच समजून बसतो.

सुदैवाने हा पिवळेपणा उजेडात बराचसा उतरतो. मी पुठ्ठा काढला, त्या भागाचा अर्धा तुकडा अॅल्युमिनियम फॉइलने झाकला आणि पुढची डिकी उघडी ठेवून बाकीच्या अर्ध्यावर दिवसाचा उजेड पडू दिला. काही आठवड्यांनी फॉइल काढल्यावर मधली रेष स्पष्ट दिसत होती. उजेडातला अर्धा भाग झाकलेल्यापेक्षा स्वच्छ निळा झाला होता. नमुन्याशी असलेलं अंतर कमी झालं, पण मिटलं नाही. जेवढं उरलं, तेवढाच खरा फरक होता आणि तेवढाच दुरुस्त करायचा होता.

दुसरा पुरावा थरांमध्ये असतो. दाराच्या आतल्या कडेला १५०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने गोल घासला की झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे थर उघडे पडतात. वरचा रंग, त्याखाली नंतरच्या रंगकामाचा प्रायमर (रंगाखालचं अस्तर), मग कारखान्याचा रंग, कारखान्याचा प्रायमर आणि शेवटी पत्रा. कारखान्याच्या प्रायमरवर थेट बसलेला थर तो आपला. हे काम मडगार्डवर करू नका. बीटलची मडगार्ड बोल्टवर असतात आणि इतक्या वर्षांत ती बदललेली असण्याची शक्यता दाट. घासायचं ते ओलंच, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ छातीत जाऊ द्यायची नाही.

रंगाचा प्रकार ओळखायला लॅकर थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा पुरतो. माझ्या गाडीवर नंतर मारलेला थर बोळ्यावर उतरला, कारखान्याचा हलला नाही. म्हणजे वरचा लॅकर आणि खालचा पक्का झालेला इनॅमल. १९२० च्या दशकात ड्युको या ब्रँडपासून मोटारींवर पसरलेला नायट्रोसेल्युलोज लॅकर मात्र कितीही जुना झाला तरी थिनरने सुटतो.

यानंतर उजेडाचा प्रश्न. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात वेगळे पडतात, याला मेटामेरिझम म्हणतात. रंगद्रव्यं वेगळी असली की हे होऊ शकतं. म्हणून माझे नमुने मी ढगाळ दिवसाच्या उजेडात, पिवळ्या बल्बखाली आणि ट्यूबखाली पाहिले. रंग मिसळून देणाऱ्या काकांकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात पृष्ठभागावरून किती प्रकाश परततो ते तो मोजतो, आणि दोन रंगांतलं अंतर डेल्टा-ई या आकड्यात देतो. हा आकडा एकच्या खाली आला की फरक डोळ्याला सहसा कळत नाही. पण मी काकांना आकड्यापेक्षा आलेख दाखवायला सांगितलं. दोन रेषा पूर्ण पट्टाभर जवळजवळ चालत असतील तर उजेड बदलला तरी जोडी फुटत नाही. त्या एकमेकींना ठिकठिकाणी छेदत असतील, तर आकडा कितीही लहान असो, ट्यूबखाली घोटाळा होऊ शकतो. काकांनी दुसरा निळा टिंटर, म्हणजे मिसळायचा मूळ रंग, घेतला आणि रेषा जवळ आल्या. मोजण्याआधी जुना रंग पॉलिश करून वरची मेलेली पांढुरकी साय काढणं आवश्यक आहे, नाहीतर यंत्र तीच मोजतं.

नमुना पट्टीने ओढून किंवा बोटाने लावून पाहण्यात अर्थ नाही. ज्या स्प्रे गनने गाडी रंगणार त्याच गनने, त्याच छटेच्या प्रायमरवर कार्ड मारा आणि पूर्ण वाळू द्या. मेटॅलिक रंगात तर याला पर्यायच नाही. ओला कोट पडला की छटा गडद होते, कोरडा पडला की उजळ, कारण अॅल्युमिनियमचे कण वेगवेगळे बसतात. गल्फ ब्लू साधा सॉलिड रंग, त्यामुळे मी त्यातून सुटले.

क्लिअर कोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, मी ठाम नकार दिला. बीटलचा मूळ रंग एकाच थराचा आहे. त्यावर क्लिअर चढवला की छटा जुळूनही खोली वेगळी दिसते, चकाकी काचेसारखी होते आणि गाडी आपल्या काळातून बाहेर पडते. सिंगल स्टेज टूके घेतला, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, वर क्लिअर न लागणारा रंग. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं, म्हणून पेंटरने बाहेरून हवा पुरवणारा मास्क घालूनच स्प्रे केला. यात कोणीही तडजोड करू नये.

शेवटची गोष्ट डब्यांची. सगळे डबे एका मोठ्या भांड्यात एकत्र ढवळून मगच गनमध्ये भरायला घ्या. डबा-डबा वापरत गेलात तर दार आणि त्याशेजारचं मडगार्ड यांच्यात फरक पडतो, आणि तो उन्हात सर्वात आधी दिसतो. थोडा रंग हार्डनर न घालता घट्ट झाकून ठेवा, आणि डब्यावर फॉर्म्युला, प्रायमरची छटा, गनचा नोझल आणि प्रेशर लिहून ठेवा. पुढे एखादं दार पुन्हा रंगवायची वेळ आली तर पेंटरला याच चार गोष्टी लागतील.