नऊ फोटॉन आणि उलटं लंबवर्तुळ

एम.एस्सी. फायनलच्या प्रोजेक्टसाठी सरांनी मला एक ओळ दिली. खरोखरच एक ओळ, फर्मी या अवकाशातल्या गॅमा किरण दुर्बिणीच्या चौथ्या कॅटलॉगच्या बारा वर्षांच्या आवृत्तीतली. विषुवांश आणि क्रांती (आकाशातला पत्ता), स्रोत ज्याच्या आत असावा त्या लंबवर्तुळाचे दोन अक्ष, त्याचा कल, पुढे बरेच आकडे. हे गॅमा किरण नेमकं कोण पाठवतंय ते लिहायचा रकाना मात्र रिकामा. सर म्हणाले, "बघ, भरता येतो का." त्या आवृत्तीत 6,658 स्रोत आहेत आणि दोन हजारांहून जास्त ठिकाणी हा रकाना असाच कोरा आहे. त्यामुळे विषय संपून जाईल ही भीती नव्हती.

घरी सांगितलं तर आईने फक्त विचारलं, "सापडल्यावर काय भेटते?" यावर मला काही सुचलं नाही.

आधी अडचण काय ती सांगते. गॅमा किरण आरशाने किंवा भिंगाने एका जागी आणता येत नाहीत. फर्मीत ते टंगस्टनच्या पातळ पत्र्यांवर आदळतात, त्यातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निघते आणि सिलिकॉनच्या थरांत त्या जोडीचा माग लागतो. मागावरून दिशा काढायची. एक जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेच्या एका फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, दिशा अशी काढली की चूक जवळजवळ पाऊण अंशाची, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रापेक्षाही मोठी. शेकडो फोटॉन जमले की मधला बिंदू बराच नेमका होतो, तरी माझ्या वाट्याला आलेलं लंबवर्तुळ 12 बाय 7 आर्कमिनिटांचं होतं (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, त्याचाही साठावा तो आर्कसेकंद). तेवढ्या जागेतले दृश्य प्रकाशातले तारे आणि दीर्घिका पॅन-स्टार्स या आकाश-पाहणीच्या यादीतून काढल्या तर लॅपटॉपवर दोन हजारांच्या आसपास ओळी आल्या. गुन्हेगार त्यांच्यात असेलच, याचीही पूर्ण खात्री नाही. लंबवर्तुळ 95 टक्क्यांचं असतं, वीसातला एक बाहेरच सापडतो.

म्हणून आधी क्ष-किरण. गॅमा किरण सोडणारं बहुतेक काहीही क्ष-किरणांतही थोडंफार उजळतं, आणि त्या आकाशात गर्दी कमी. स्विफ्ट उपग्रहाने फर्मीच्या अशा निनावी स्रोतांकडे वर्षानुवर्षं पद्धतशीर पाहिलंय आणि तो सगळा डेटा खुला आहे. नागपुरात मानेवाड्याच्या खोलीत बसून, मे महिन्यात, समोर कूलर लावून मी तो उतरवला. माझ्या जागेवर साधारण चार हजार सेकंदांचं निरीक्षण मिळालं. चित्रात दोन ठिपके. एक ठसठशीत, साठेक फोटॉनचा. दुसरा नऊ फोटॉनचा, बघायचा म्हणून बघितला तर दिसणारा.

इथे माझी चूक झाली. चार जीबी रॅमचा लॅपटॉप मोठी चित्रं एकावर एक ठेवताना हँग व्हायचा. म्हणून मी लंबवर्तुळ वेगळ्या प्रोग्रॅममध्ये काढलं, झेरॉक्सवाल्याकडून बटर पेपरवर त्याच मापात छापून घेतलं आणि स्विफ्टच्या छापील चित्रावर ठेवलं. कूलरच्या वाऱ्याने कागद उडायचा, म्हणून चारही कोपऱ्यांवर एकेक संत्रागोळी. मोठा ठिपका जवळजवळ मध्ये आला, छोटा बाहेर गेला. झालं, ठरलं. त्या जागी नवव्या प्रतीचा तारासुद्धा निघाला (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधुक). पुढचे सहा आठवडे मी त्या ताऱ्यासाठी कारणं रचत होते. जोडतारा असेल, त्यात न दिसणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा अतिघन गाभा, असेल, वगैरे. दहा पानं लिहूनही झाली होती.

सरांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, "गाया बघितलं का?" गाया म्हणजे ताऱ्यांची अंतरं आणि हालचाल मोजणाऱ्या उपग्रहाची यादी. नव्हतं बघितलं. बघितलं तर त्या ताऱ्याचा पॅरालॅक्स (पृथ्वीच्या फेरीमुळे दिसणारी त्याची सरक, जिच्यावरून अंतर निघतं) 16 मिलीआर्कसेकंद, म्हणजे अंतर सुमारे 200 प्रकाशवर्षं. रंग पिवळसर-केशरी. जवळचा, तापट, जोरात फिरणारा साधा तारा. अशा ताऱ्याचा करोना, म्हणजे बाहेरचं तापलेलं आवरण, क्ष-किरण भरपूर सोडतो, पण फर्मीला दिसतील इतके गॅमा किरण सोडणं त्याच्या आवाक्यातलं नाही. आणि न्यूट्रॉन ताऱ्याभोवती फिरत असता तर त्याचा वेग मागेपुढे झालेला दिसला असता. सरांनी जुनी मोजमापं काढून दाखवली, वेग जागचा हलत नव्हता.

दुसरा प्रश्न, "या कागदावर पूर्व कुठे आहे?"

मी उजवीकडे बोट दाखवलं. सर काहीच बोलले नाहीत. मग माझ्याच डोक्यात पडलं. जमिनीचा नकाशा आपण वरून बघतो, आकाश खालून. म्हणून आकाशाच्या चित्रात उत्तर वर असली की पूर्व डावीकडे येते. लंबवर्तुळाचा कल उत्तरेकडून पूर्वेकडे मोजतात. स्विफ्टच्या चित्रात पूर्व डावीकडे होती आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये विषुवांश शाळेतल्या आलेखासारखा उजवीकडे वाढत होता. मी आरशातलं लंबवर्तुळ ठेवून बसले होते. तिथल्या तिथे बटर पेपर पालथा केला. तारा मध्येच राहिला, आणि नऊ फोटॉनवाला ठिपका अलगद आत आला.

मैत्रीण म्हणाली, "काहून रडून राहिली बे, सापडला ना?" सहा आठवडे गेले होते, म्हणून.

आता रेडिओ. एनव्हीएसएस नावाची 1.4 गिगाहर्ट्झची पाहणी आहे, तिच्यात लंबवर्तुळाच्या आत एक रेडिओ स्रोत होता. तारा डोक्यातून गेल्यामुळे मला लगेच नाचावंसं वाटलं, पण या खेपेला आधी हिशोब केला. त्या पाहणीत सुमारे 18 लाख स्रोत, आकाशाचा जवळजवळ 34 हजार चौरस अंश भाग. म्हणजे एका चौरस अंशात पन्नासेक. माझं लंबवर्तुळ चौरस अंशाचा साधारण पंचावन्नावा भाग. म्हणजे आकाशात कुठेही एवढं लंबवर्तुळ टाका, एक रेडिओ स्रोत सरासरीने आत पडणारच. नुसत्या "आत आहे" याची किंमत शून्य. पण हा स्रोत त्या नऊ फोटॉनच्या ठिपक्यापासून पाच आर्कसेकंदांच्या आत होता. एवढ्याशा वर्तुळात योगायोगाने रेडिओ स्रोत पडण्याची शक्यता दहा हजारांत तीन. हा हिशोब मी वहीत तीनदा केला. पूर्ण प्रोजेक्टमध्ये मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

पुढचं भराभर झालं. व्हीएलए या अमेरिकेतल्या रेडिओ दुर्बिणीच्या 3 गिगाहर्ट्झच्या नव्या पाहणीत तो नेमका एक बिंदू निघाला आणि 19 व्या प्रतीच्या एका पुसट वस्तूवर बसला. गायात तिला ना पॅरालॅक्स, ना हालचाल. वाइज उपग्रहाच्या अवरक्त रंगांच्या आलेखात ब्लेझार (मधल्या कृष्णविवराचा झोत नेमका आपल्याकडे रोखलेल्या दीर्घिका) ज्या पट्ट्यात गोळा होतात, त्यातच ती पडली.

ती पल्सार, म्हणजे फिरता फिरता ठराविक लयीत झोत टाकणारा न्यूट्रॉन तारा, नाही ना, हे बघायला जास्त वेळ गेला आणि तो द्यायलाच हवा होता. फर्मीचे निनावी स्रोत धुंडाळत आपल्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीने मिलिसेकंद पल्सार (सेकंदात शेकडो गिरक्या घेणारे) काढलेत. त्यातला एक तर जोडीदाराला हळूहळू खाणारा, तीन तासांहून कमी वेळात एक फेरी मारणारा. पण पल्सारचा गॅमा वर्णपट काही जीईव्हीपाशी वाकून खाली येतो, माझा सरळ चालला होता. दृश्य प्रकाशातली तेजस्विता दोन वर्षांत अर्ध्या प्रतीने वरखाली झाली, पण त्यात जोडीदाराच्या फेरीची, तासांची लय काही निघाली नाही. अर्थात पल्सारच्या बाबतीत छातीठोक बोलू नये. 1972 साली सोडलेल्या सॅस-2 उपग्रहाला दिसलेला गेमिंगा पल्सार आहे हे पक्कं व्हायला 1992 उजाडलं. त्या नावात मिलानच्या बोलीतला श्लेष आहे, "नाहीच आहे" असा. नागपुरीत "हायेच नाई."

अहवालात मी "संभाव्य ब्लेझार, प्रकार अनिश्चित" लिहिलं. परीक्षकांनी विचारलं, "संभाव्य कशाला? एवढं सगळं जुळतंय." कॅटलॉगचाच नियम सांगितला. जागा जुळली की वर्गाचं नाव लहान इंग्रजी अक्षरांत लिहितात. मोठी अक्षरं मिळवायला गॅमा आणि दुसऱ्या तरंगलांबीतले चढउतार एकाच वेळी दिसावे लागतात, किंवा स्पंदनं, किंवा आकार. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. ते "बरं" म्हणाले आणि पुढच्या पानावर गेले.

त्या पुसट वस्तूचा दृश्य प्रकाशातला वर्णपट अजून बाकी आहे. रेषा दिसल्या तर अंतर कळेल. ब्लेझारच्या एका जातीत त्या दिसतच नाहीत, तसं झालं तर तेही नाही. लडाखमधल्या हानलेच्या 2 मीटरच्या दुर्बिणीसाठी सर अर्ज लिहिताहेत, 19 वी प्रत म्हणजे तिच्यासाठीही तासाभराचं काम. अर्जातली आकृती माझ्याकडे आहे. काल बटर पेपर बघून आई म्हणाली, "अजून नकाशेच काढून राहिली का?" पूर्व डावीकडे आहे, तीनदा बघितलं.