काचबिंदूचे निदान आणि उपचार : माझा अनुभव

काचबिंदूचे, म्हणजे डोळ्याची नस हळूहळू निकामी करणाऱ्या आजाराचे, निदान झाले तेव्हा चष्म्यासह माझी नजर दोन्ही डोळ्यांत सहा बाय सहा होती, म्हणजे तक्त्यावरची शेवटची ओळ मी न अडखळता वाचत होते. डोळा दुखत नव्हता, लाल होत नव्हता, डोके जड होत नव्हते. लहानपणापासून उणे चारचा चष्मा आणि पन्नाशीनंतर वाचताना होणारी नेहमीची ओढाताण, एवढ्याच कारणासाठी मी तासगावातील नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेले होते. नंबर चष्म्याच्या दुकानातही काढून मिळाला असता. परंतु दुकानातील यंत्र नंबर सांगते, डोळ्याच्या आत पाहत नाही, आणि माझ्या बाबतीत जे सापडले ते आतच होते.

नंबर काढून झाल्यावर बाईंनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, हनुवटी टेकवायला सांगितली आणि डोळ्यासमोर भिंग धरून बराच वेळ पाहिले. मग त्यांनी विचारले, ‘‘घरात कोणाला काचबिंदू होता का?’’ मी नाही म्हणाले. तेव्हा त्यांनी प्रश्न बदलला : मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊनही दिसले नाही, असे घरात कोणी होते का? आता उत्तर वेगळे होते. माझी आई शेवटची काही वर्षे दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेत असे, ताटात डावीकडे वाढलेली चटणी-कोशिंबीर तिला दिसत नसे, आणि मोतीबिंदू काढल्यावरही त्यात फरक पडला नव्हता. वयोमानाने असे होते, असेच तेव्हा सगळे म्हणत. आई-वडील किंवा सख्खी भावंडे यांच्यापैकी कोणाला काचबिंदू असेल तर तो आपल्याला होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते आणि जास्त उणे नंबर हीही एक जोखीम आहे, हे मला त्या दिवशी समजले. प्रश्न ‘काचबिंदू होता का’ असा विचारला तर आपल्याकडील बहुतेक घरांतून नाही असेच उत्तर येईल, कारण मागच्या पिढीत त्याचे निदानच क्वचित होत असे. दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या सर्वेक्षणांमध्ये काचबिंदू आढळलेल्या दहापैकी नऊहून अधिक व्यक्तींना आपल्याला तो आहे याची कल्पना नव्हती.

बाईंनी पाहिले ते असे. डोळ्याची नस जिथून सुरू होते तिथे मधोमध एक खळगा असतो. तो प्रत्येकाला असतो. परंतु नसेचे तंतू मरू लागले की कडेची जाडी घटते आणि खळगा मोठा होत जातो. माझ्या उजव्या डोळ्यात नसेच्या तोंडाच्या तुलनेत खळग्याचे प्रमाण 0.5 होते आणि डाव्यात 0.7. काही लोकांचा खळगा जन्मतःच मोठा असतो, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नाही, पण दोन डोळ्यांत इतका फरक असेल तर पुढे तपासलेच पाहिजे, असे सांगून त्यांनी मला मिरजेच्या एका नेत्र रुग्णालयाकडे चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर ‘काचबिंदू’च्या पुढे प्रश्नचिन्ह होते, आणि ते प्रश्नचिन्ह निघेपर्यंत बरेच आठवडे गेले.

मिरजेत सर्वांत आधी डोळ्याचा दाब मोजला. बधिर करणारा थेंब टाकून, पिवळा रंग लावून, निळ्या प्रकाशात एक बारीक टोक बुबुळाला हलकेच टेकवतात. दुखत अजिबात नाही, फक्त पापणी मिटू द्यायची नाही. दाब साधारणपणे पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटर असतो. माझा उजवीकडे 24 आणि डावीकडे 26 निघाला. त्यानंतर बुबुळाची जाडी मोजली. ती सरासरीने 540 मायक्रॉनच्या आसपास असते, माझी 500 च्या घरात होती. बुबुळ पातळ असले की यंत्र खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवते, म्हणजे माझे आकडे प्रत्यक्षात आणखी थोडे जास्त धरायला हवेत. दाब दिवसभरात कमी-जास्त होतो म्हणून तो निरनिराळ्या वेळी पुन्हा मोजला गेला.

दाब कशाने वाढतो हे तेथील डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. डोळ्यात पुढच्या भागात सतत पाणी तयार होते आणि बुबुळाच्या कडेच्या कोनातील जाळीतून झिरपून बाहेर जाते; जाळी चोंदली की मोरी तुंबल्यासारखे होते. तो कोन उघडा आहे की अरुंद, हे पाहण्यासाठी आरसे बसवलेले भिंग थेट डोळ्यावर ठेवतात. ही तपासणी बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकण्याआधीच व्हावी लागते, कारण कोन अरुंद असेल तर त्या थेंबांनी दाब एकदम चढू शकतो. माझा कोन उघडा होता. अरुंद कोनाच्या काचबिंदूत मात्र कधी कधी अचानक डोळा लाल होऊन असह्य दुखतो, दिव्यांभोवती रंगीत वलये दिसतात आणि उलट्या होतात. त्या उलट्यांमुळे पित्त किंवा अर्धशिशी समजून घरगुती उपाय करण्यात मोलाचे तास जातात, म्हणून ही लक्षणे ज्याने त्याने ध्यानात ठेवावीत आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

सर्वांत कसोटीची तपासणी म्हणजे फील्ड, नजर स्थिर ठेवून आजूबाजूचे किती दिसते ते पाहणारी चाचणी. एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी आधारावर, समोर पांढरा अर्धगोल आणि मधोमध एक पिवळा ठिपका. नजर ठिपक्यावरच ठेवायची आणि आजूबाजूला कुठेही प्रकाश चमकला असे वाटले की हातातील बटण दाबायचे. प्रकाश इतका मंद होत जातो की दिसला की भास झाला हे कळेनासे होते, डोळ्यात पाणी येते, आणि आपण नापास होत आहोत अशी भावना मनात घर करते. प्रत्यक्षात यंत्र जाणूनबुजून दिसण्या-न दिसण्याच्या सीमेवरचा प्रकाश दाखवत असते, त्यामुळे निरोगी माणसालाही त्यातले बरेच ठिपके दिसत नाहीत. हे तंत्रज्ञांनी आधीच सांगितले तर रुग्णाची निम्मी घालमेल कमी होईल, असे मला मनापासून वाटते. माझी पहिली फील्ड डॉक्टरांनी ग्राह्य धरली नाही. पहिल्या वेळी बहुतेकांची चाचणी विश्वासार्ह येत नाही, म्हणून ती पुन्हा करायची असते. दुसऱ्या आणि त्यानंतरच्या फील्डमध्ये डाव्या डोळ्याच्या वरच्या भागात, नाकाच्या बाजूला, एकाच ठिकाणी करडा डाग आला.

ओसीटी या स्कॅनमध्ये नसेच्या तंतूंच्या थराची जाडी मोजतात. माझ्या अहवालावर डाव्या डोळ्याच्या खालच्या भागात लाल रंग होता, म्हणजे तिथे थर पातळ असल्याची खूण. तो पाहून मी घाबरले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘‘ताई, नुसत्या लाल रंगावर जाऊ नका. जास्त नंबर असलेल्यांचा स्कॅन पुष्कळदा उगाचच लाल येतो.’’ मग त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा खालचा भाग वरचे दृश्य टिपतो. तंतू खाली पातळ झालेले होते आणि डाग फील्डमध्ये वर होता. नसेचा खळगा, दाब, स्कॅन आणि फील्ड या चारही गोष्टी एकाच जागेकडे बोट दाखवत होत्या. त्यानंतरच त्यांनी काचबिंदू हा शब्द प्रश्नचिन्हाशिवाय लिहिला. सुरुवातीला मला हा सारा विलंब वाटत होता. आयुष्यभर औषध घ्यायचे असेल तर निदान असेच सावकाश आणि पक्के व्हायला हवे, असे आज माझे मत आहे.

गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. नस दुरुस्त करणारे औषध नाही. हाती आहे तो फक्त दाब. एका मोठ्या अभ्यासानुसार दाब 1 मिलिमीटरने उतरला तरी रोग वाढण्याची जोखीम सुमारे 10 टक्क्यांनी घटते. मला लहानपणी दमा होता, म्हणून दाब उतरवणारे टिमोलॉलचे थेंब वर्ज्य ठरले. ते डोळ्यात टाकले तरी रक्तात जातात आणि श्वासनलिका आवळू शकतात. (त्याच बोलण्यात कळले की डोळ्यांच्या खाजेसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ वापरले तर त्यांनीही दाब वाढतो.) जाळीतून पाणी नीट झिरपावे म्हणून केल्या जाणाऱ्या लेझरचाही पर्याय समोर ठेवण्यात आला. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रथमोपचार म्हणून लेझर घेतलेल्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षे थेंबांवाचून दाब राखता आला होता. मी आधी थेंब निवडले.

मला दिलेला लॅटानोप्रोस्ट हा दाब उतरवणारा थेंब रात्री एकदाच टाकायचा असतो. खालची पापणी ओढून तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहून महिन्याने टाकून द्यायची, आत औषध उरले असले तरी. पहिले काही आठवडे डोळे लालसर राहिले आणि पुढे पापण्यांचे केस लांब झाले. दाब मात्र 17 आणि 18 वर आला, आणि तोच डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेत होता.

माझ्या निदानानंतर धाकट्या भावाला तपासायला लावले. त्याचा दाब सामान्य निघाला, पण नसेचा खळगा संशयास्पद आहे, आणि दाब सामान्य असतानाही काचबिंदू होऊ शकतो, म्हणून त्याला औषध न देता देखरेखीखाली ठेवले आहे. माझी फील्ड दर सहा महिन्यांनी होते आणि ओसीटी वर्षातून एकदा. करडा डाग अजून तेवढाच आहे. तो वाढला किंवा दाब चढला तर आधी दुसरा थेंब किंवा लेझर, आणि तेही पुरले नाही तर पाण्याला नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया, असा क्रम ठरला आहे. पुढची तपासणी आम्ही दोघे भावंडे दिवाळीनंतर एकाच दिवशी करून घेणार आहोत.