रीफ नॉट

रद्दीवाला चार वाजता येणार होता, म्हणून दुपारी वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधायला बसलो आणि सुतळीची टोके हातात येताच मनात आपोआप उमटले : उजवे डाव्यावर, डावे उजव्यावर. शाळा सोडून चाळीस वर्षे होत आली, तरी स्काउटमध्ये शिकलेली ही गाठ, रीफ नॉट, बोटे चुकत नाहीत. दुसऱ्या कोणी साधी गाठ मारलेली दिसली, तर ती सोडून पुन्हा बांधल्याशिवाय मला चैन पडत नाही.

त्याच गठ्ठ्यातून शाळेची अमृतमहोत्सवी स्मरणिका डोकावत होती. ती ओढून काढली आणि काम तिथेच राहिले. शाळेतल्या मंडळांचा इतिहास तीत कोणी लिहिलेला नाही, पण छायाचित्रांखालच्या ओळी वाचत गेले की तो उलगडतो. आधी वक्तृत्व मंडळातले कोट-टोपीधारी गंभीर चेहरे, मग काठ्या घेतलेले ‘बालवीर पथक’. हा शब्द स्काउटपेक्षा मला नेहमीच भारदस्त वाटला आहे. स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांचे पहिले शिबिर १९०७ सालचे. परंतु आपल्याकडे सुरुवातीला या पथकांत भारतीय मुलांना प्रवेशच नव्हता, म्हणून अ‍ॅनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांना वेगळ्या संघटना उभाराव्या लागल्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ स्थापन झाली आणि पुढच्या पानांवर आमचा बालवीर मुकाट्याने स्काउट झाला. १९४८ च्या कायद्याने आलेल्या एनसीसीचे जाड बूटही तिथे दिसतात, पण आमच्या वाट्याला स्कार्फच आला.

स्कार्फ आला, तसा ‘खरी कमाई’ हा स्काउटांचा उपक्रमही आला. कार्ड घेऊन घरोघर जायचे, सांगतील ते काम करायचे आणि मिळालेले पैसे त्यावर लिहून सही घ्यायची. मला धीर झाला तो घरच्या आजोबांपर्यंतच. त्यांनी जोडे पुसून घेतले, टाच पुन्हा पुसायला लावली, आठ आणे दिले आणि सही करताना चष्म्यावरून पाहत विचारले, “आणि रोज आजीने सांगितलेले पाणी भरत नाहीस, त्याचे आम्ही किती कापायचे?”

स्मरणिका बाजूला ठेवून मी गठ्ठा नीट बांधला. रद्दीवाल्याने तो काट्याच्या आकड्याला अडकवला; गाठीकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. साडेसहा किलो भरले.