तुम्ही विचारलेत म्हणून : फेब्रुवारी १७४१

“स्वतःच्या कुळाकडे पाठ फिरवून साहेबाच्या पूर्वजांची थडगी उकरत बसली आहे,” असे माझा चुलतभाऊ माझ्यामागे म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत ते माझ्या कानावर आलेही. बाकीचे लोक हाच प्रश्न सभ्यपणे विचारतात. गणपतीच्या आरतीनंतर हातात प्रसाद घेऊन विचारतात, पुण्याला गेले की चहाबरोबर विचारतात : नवऱ्याकडच्या त्या इंग्लंडातल्या विल्टशरच्या शेतमजुरांच्या नोंदींत तुम्हाला एवढे काय सापडते? बारा वर्षे मी “छंद आहे” असे म्हणून विषय बदलत आले. ते उत्तर खोटे नव्हते, पण पुरेसेही नव्हते.

आधी कुळाविषयी. आमचा कुलवृत्तांत छापलेला आहे आणि माझी प्रत तुमच्यापैकी बहुतेकांच्या प्रतीपेक्षा जास्त हाताळलेली आहे. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांची मोडीतली सही मी स्वतः पाहिली आहे. पुरुषांची साखळी तिथे सलग लागते, शोधण्यासारखे फारसे उरलेले नाही. ज्यांना शोधायचे होते त्या बायका मात्र “पत्नी : लक्ष्मी” एवढ्यावर संपतात; हे तिचे सासरचे नाव, म्हणजे ती माहेरी कोण होती हा प्रश्न उरतोच. माझ्या आजीच्या आईचे नाव मला कुठल्या ग्रंथात सापडले नाही. ते सापडले एका तांब्याच्या तपेल्याच्या काठावर, भांड्यांवर नाव घालायची आपली पद्धत आहे म्हणून.

आता कोणी म्हणेल की इंग्रजांच्या वह्यांत बायकांचे सगळे आलबेल होते की काय? मुळीच नव्हते. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायला लावली, पण सुरुवातीच्या कितीतरी पानांवर मूल फक्त बापाचे आहे, आई नाहीच. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीवाचून मृत्युपत्र करता येत नसे आणि ही अडचण १८८२च्या कायद्याने दूर झाली. म्हणून जुन्या काळची बायकांची म्हणून जी मृत्युपत्रे हाती लागतात ती बहुतेक विधवांची आणि अविवाहित स्त्रियांची असतात.

अशाच एका विधवेने मला या नादाला लावले. १८५८पर्यंत मृत्युपत्रे चर्चच्या न्यायालयांत शाबीत होत असत, आणि सॉल्सबरीच्या बिशपच्या अखत्यारीतली आता चिपनमच्या अभिलेखागारात आहेत. हिचे १७०३चे आहे. तिच्या नवऱ्याने सहा वर्षांपूर्वी आपली जमीन, जनावरे आणि धान्य चार ओळींत वाटून टाकले होते. ही बाई मात्र एक एक वस्तू हातात धरून तिचे काय करायचे ते सांगते. मोठा पितळी हंडा थोरल्या मुलीला, त्याहून लहान धाकटीला. पिसांची गादी नातवाला, पण उशी त्याच्या बहिणीला. लाल परकर सुनेला, “तिने तो नेसावा” या अटीवर. खाली सही नाही, थरथरत्या हाताने मारलेली फुली आहे. सोबत शेजाऱ्यांनी केलेली मालमत्तेची यादी जोडलेली आहे आणि तिची सुरुवात तशा बहुतेक याद्यांसारखीच, अंगावरचे कपडे आणि गाठीचे पैसे यांनी होते. तो कागद वाचताना मला ते तपेले आठवले आणि ही बाई माझ्या मुलांची कोणीतरी लागते या विचाराने मी खोळंबून बसले.

दुसरे कारण कमी शोभिवंत आहे. माझे सासरे अबोल होते. सून म्हणून त्यांनी मला कधी दुखावले नाही, पण हवापाण्यापलीकडे आमचे बोलणेही जात नसे. सतराव्या शतकातली ती वेलांट्यांची लिपी मला येऊ लागल्यावर ते आपल्याच माणसांबद्दल मला विचारायला येऊ लागले, आणि सासरच्या घरात सासऱ्यांपेक्षा आपल्याला अधिक माहीत आहे यात मला सुख वाटत होते. चुलतभावाने हे ओळखले असते तर त्याचा टोमणा जास्त लागला असता.

त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मी वंशावळ सुबक लिहून चौकटीत घालून दिली. अकरा पिढ्या होत्या आणि मधोमध ती विधवा होती. सासऱ्यांनी ती जिन्याच्या भिंतीवर लावली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, अगदी पोस्टमनलासुद्धा, हंड्याची गोष्ट सांगू लागले.

त्या वंशावळीतला एक दुवा विल्यम नावाचा होता. त्याचा बाप जॉन हा विधवेचा नातू. विल्यमचा बाप्तिस्मा मे १७४१मध्ये झाला होता, आणि त्याच पॅरिशमध्ये “जॉनचा मुलगा विल्यम” याचे दफन फेब्रुवारी १७४१मध्ये नोंदले होते. ही दोन्ही मी टंकलिखित नकलेत पाहिली होती. फेब्रुवारी मेच्या आधी येतो, तेव्हा मेलेला विल्यम थोरला आणि त्याचे नाव पुढच्या मुलाला ठेवले, असे मी धरून चालले. नाव असे परत ठेवण्याची तिथे सर्रास चाल होती, त्यामुळे शंकेला जागाच दिसली नाही.

दोन वर्षांनी वेगळ्याच कामासाठी मी ती मूळ वही मागवली. फोमच्या उतारावर ती उघडून ठेवलेली, पानांवर मण्यांच्या माळेसारखी शिशाची वजने, हातात पेन्सिल, कारण तिथे पेन चालत नाही. पान उलटताना डिसेंबर १७४१ संपला, खाली जानेवारी आला, त्याखाली फेब्रुवारी आला, आणि वर्ष १७४१च होते. मार्चच्या शेवटाला रेघ मारून मग १७४२ लिहिले होते. इंग्लंडात १७५२पर्यंत वर्ष २५ मार्चला बदलत असे. तिथला फेब्रुवारी १७४१ हा मे १७४१च्या नऊ महिने नंतरचा होता. ज्याचा बाप्तिस्मा मेमध्ये झाला तेच मूल थंडीत गेले असावे, आणि १७६६मध्ये लग्न करून आमचा वंश पुढे नेणारा विल्यम कोणी दुसराच असावा.

हा नियम मला पाठ होता. दुसऱ्यांना तो मी समजावून सांगितला होता, तेसुद्धा “आपला फाल्गुन जसा वर्षाच्या शेवटी येतो तसा त्यांचा फेब्रुवारी” अशा शब्दांत. पाडव्याला शक बदलणाऱ्या घरात वाढलेल्या बाईने ही चूक करावी याला माफी नाही. आज मी त्या वेळच्या मला विचारते की मूळ पान का पाहिले नाहीस, तर ती म्हणते, नक्कल चांगली होती, वेळ नव्हता, चिपनम लांब पडते. तिला हंडा हवा होता, हे ती कबूल करत नाही.

सासऱ्यांना सांगायला मी सात महिने लावले. रविवारी जेवण झाल्यावर त्यांच्यासमोर दोन्ही नोंदींच्या प्रती ठेवल्या आणि पंचवीस मार्चचे सगळे सांगितले. शेजारच्या पॅरिशमध्ये १७४३ साली मेरी नावाच्या एका अविवाहित स्त्रीच्या विल्यमचा बाप्तिस्मा झाला आहे आणि तिथे बापाचे नाव नाही, हेही सांगितले. ते बराच वेळ कागद पाहत राहिले. मग म्हणाले, “त्या गावात जॉन दोन होते, असे तूच मला सांगितले होतेस ना?”

होते. दोन्ही जॉन एकाच आडनावाचे, दोघांना त्या सुमारास मुले होत होती, आणि दफनाच्या नोंदीत आईचे नाव नाही. लग्नाच्या वहीत विल्यमची फुली आहे, पण बापाचे नाव लिहिण्याची पद्धत १८३७पासूनची. तो १८११मध्ये वारला. दफनाच्या छापील नमुन्यात वयाचा रकाना १८१३पासून आला. वय लिहिलेले असते तर तो १७४१चा की १७४३चा हे बहुधा कळले असते. दोन वर्षांनी चुकले.

तेव्हा “सिद्ध झाले का?” या तुमच्या पुढच्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. सासऱ्यांनी चौकट उतरवली नाही. ते गेल्यानंतर ती आमच्याकडे आली, आणि विल्यमच्या नावापुढे त्यांनी काचेवरच एक छोटी चिकटपट्टी लावून तीवर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले होते, ते मला तेव्हा दिसले. विधवेकडे जाणारी रेघ त्यांनी तशीच ठेवली होती. ती मीही खोडलेली नाही, आणि हे शास्त्राला धरून नाही हे मला ठाऊक आहे.

मेरी कोण होती हे मी अजून नीट शोधलेले नाही. तिच्या पॅरिशमध्ये गरिबांची देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचे कागद शिल्लक आहेत, आणि अनौरस मुलाच्या बापाकडून खर्चाची हमी लिहून घेत असत ती बंधपत्रे बऱ्याचदा अशाच कागदांत सापडतात. चार वर्षे मी ते मागवलेले नाहीत. कुलवृत्तांतातल्या बिननावाच्या बायकांबद्दल एवढे तावातावाने बोलणारी मी, हंडा आणि परकर नसलेल्या या बाईच्या वाटेला अजून गेलेली नाही, आणि याचे काय उत्तर द्यायचे ते मला अजून सुचलेले नाही.