यकृत प्रत्यारोपणाच्या तपासणीसाठी गोव्याहून मुंबईला

अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला पुढे यकृतही बदलावे लागण्याचे प्रसंग थोडेच, त्यामुळे फोंड्याहून निघताना आम्हांला वाट दाखवणारे कोणी नव्हते. माझ्या नणंदेला रक्ताच्या कर्करोगासाठी तिच्या भावाची, म्हणजे माझ्या पतींची, मज्जा दिली होती. कर्करोग परत आला नाही. परंतु दात्याच्या पेशींनी तिच्या शरीराला परके मानले आणि जीव्हीएचडी नावाच्या या जुनाट विकारात यकृतातील पित्तनलिका नष्ट होत गेल्या. कावीळ हटेना, आणि अंगाची खाज तिला झोपू देईना.

कोकणकन्या एक्सप्रेस मडगावहून संध्याकाळी सुटून सकाळी मुंबईला पोचते. कर्करोगाच्या रुग्णाला व एका सोबत्याला उपचारासाठी जाताना भाड्यात सवलत मिळते, मात्र त्यासाठी रुग्णालयाचा विहित नमुन्यातील दाखला आधीच घ्यावा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक निराळे असते आणि गाड्या रखडतातही, म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशीच पोचलेले बरे.

खरा भार कागदांचा. यकृताच्या डॉक्टरांनी सर्वप्रथम मज्जा प्रत्यारोपणाचा सारांश, एचएलए जुळणीचा (दोघांच्या पेशींवरच्या खुणा किती जुळतात याचा) अहवाल आणि कायमेरिझमची (रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशी किती, याची) चाचणी मागितली, कारण रुग्णाचे रक्त पूर्णपणे दात्याच्या पेशींचे झाले असेल आणि यकृतही त्याच दात्याचे मिळाले, तर ते यकृत तिच्या रक्ताला परके वाटण्याचे कारण फारसे उरत नाही. अशा काही रुग्णांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे पुढे अगदी कमी किंवा बंदही करता आली आहेत. तो निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. रक्तगटाचा घोळ मात्र अवश्य ध्यानात ठेवावा. नणंदेचा मूळ गट बी, भावाचा ओ. आता तिच्या रक्ताची चाचणी ओ दाखवते. जुन्या कार्डावर एक आणि नव्या अहवालावर दुसरा गट पाहून नोंदणी खिडकीवरचा कर्मचारी कागद परत करू लागला, तेव्हा मज्जा प्रत्यारोपणाचा सारांशच कामी आला.

यकृताचा भाग देण्यासाठीही माझ्या पतींचीच तपासणी झाली. दात्याचे यकृत पुन्हा वाढते हे खरे. तरीही दात्याची शस्त्रक्रिया मज्जा देण्याहून कितीतरी मोठी असते, आणि एकदा दिले म्हणून दुसऱ्यांदा द्यायलाच हवे, असा दबाव घरातून येऊ नये, असे मी दात्याची पत्नी म्हणून स्पष्ट सांगते. यांच्या सीटी स्कॅनमध्ये यकृतातील चरबी आणि उरणाऱ्या भागाचे आकारमान पाहिले. माझी संमती मला वेगळे बसवून विचारली, हे मला योग्य वाटले.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार भाऊ हा जवळचा नातेवाईक, पण नाते कागदावर सिद्ध करावे लागते. आपल्याकडे जुन्या जन्मनोंदींत आईवडिलांची नावे पोर्तुगीज वळणाची आणि आधार कार्डावर निराळी असतात. दोन्ही भावंडांचे दाखले शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे आणि फरक असल्यास प्रतिज्ञापत्र गोव्यातच करून घ्यावे. मुंबईत बसून ते मागवताना फार वेळ जातो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला काही महिने रुग्णालयाजवळ राहावे लागते, तेव्हा खोलीची चौकशी याच फेरीत उरकावी.